नावाड्याच्या चालीचा परवाना

१० फेब्रुवारी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. (पीठ चाळताना कंबर धरली आहे, तेव्हा वाकल्याचं तूच समजून घे.)

उठसूट त्रास देणारी चुलतबहीण म्हणून माझी ख्याती आहेच, ती आज आणखी वाढवते. सोबत एक कागद जोडलाय. तो वाच आणि मला माणसांच्या भाषेत सांग.

झालं असं. परवा बेकरीत एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, बोलणं मऊ. दोन पाव घेतले, पैसे दिले आणि गेलेच नाहीत. काउंटरला टेकून गाणं ऐकत राहिले. मला वाटलं, रसिक दिसतात. बोटांनी ताल धरला होता रे! गाणं संपल्यावर म्हणाले, "छान गाणी लावता तुम्ही. परवाना आहे ना?"

मी भिंतीकडे बोट केलं. "तो काय, चौकटीत."

"तो पावाचा. मी गाण्याचा विचारतोय."

"गाण्याला कसला परवाना? सीडी विकत घेतलेली आहे आम्ही. चोरलेली नाही."

"बाई, सीडी तुमची. गाणं तुमचं नाही," ते म्हणाले, हा कागद दिला, आणि जाता जाता आणखी एक पाव घेतला. कुठल्याशा संगीत हक्क संस्थेचे तपासनीस निघाले. रागवावं म्हटलं तर तशी सोयही नव्हती, इतके नम्र.

परवाना मिळेपर्यंत दुकानात गाणी वाजवू नयेत, असं त्यात लिहिलंय. मी त्याच दुपारी बंद केली. पण आमच्याकडे गाण्यांवाचून चालत नाही. तेव्हा लवकर कळव. खरंच लवकर.

हे बरे आहेत. तुला नमस्कार सांगितलाय.

तुझी,
धाकटी

*

१६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझा कागद मिळाला. तेवढ्यानं भागेना म्हणून मी त्या संस्थेची अख्खी नियमावली मागवून वाचली. (सध्या उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत. त्या टाळण्यासाठी मी रेल्वेचं वेळापत्रकही आवडीनं वाचेन.) नियमावलीची रचना थेट आमच्या शास्त्रग्रंथांची आहे. सूत्र एका ओळीचं, भाष्य चार पानांचं, आणि खरा अर्थ तळटीपेत दडी मारून बसलेला.

सार असं. गाणं घरात ऐकलंस तर कुणाची हरकत नाही. तेच गाणं दुकानात लावलंस की ते "लोकांना ऐकवणं" होतं, आणि त्याला परवानगी लागते. तीही एक नव्हे. शब्द आणि चाल ज्यांनी रचली त्यांची एक, आणि ज्यांनी ते गाणं मुद्रित केलं त्यांची दुसरी. एकाच गाण्याला दोन धनी. म्हणजे जीव वेगळा आणि कुडी वेगळी, हे आमचे आचार्य कंठशोष करून सांगत आले, ते या संस्थेनं दरपत्रकासकट मान्य केलं आहे.

थट्टा करायला बसलो होतो खरा, पण वाचता वाचता थक्क झालो. विचार कर. केस कापायचं दुकान, दातांचा दवाखाना, गॅरेज, तुझी बेकरी, जिथं जिथं गाणं लागतं तिथं तिथं त्याची कुणीतरी दखल घेतं, आणि कुठल्यातरी खोलीत बसलेल्या, ते रचणाऱ्या माणसापर्यंत त्याचा वाटा पोचतो. मी ज्या कवींवर आजवर जगलो त्यांना माझ्याकडून फुटकी कवडी मिळालेली नाही, आणि त्यांनीही तपासनीस पाठवलेला नाही. तुझ्या दुकानात मात्र गाणं सुरू झालं की गिऱ्हाइकांमागे ही एवढी अदृश्य मंडळी येऊन उभी राहतात. मला तर आता रस्त्यावरून जाताना गाणं कानावर पडलं तरी टोपी काढावीशी वाटते. टोपी घालत नाही, हे भाग्य.

तरीही, पंडित म्हणजे पळवाट. तळटीपेत म्हटलंय की जिथं गिऱ्हाइकांना ऐकू जात नाही आणि घरचीच माणसं काम करतात, तिथं परवाना लागत नाही. प्लेअर उचलून मागच्या भट्टीच्या खोलीत ठेव आणि मधलं दार लावून घे. दार लागलं की तुम्ही दोघं नवराबायको. उघडलं की बाहेरचे सगळे श्रोते.

तुझ्या नवऱ्याला, त्या ढोल्याला विचार, पीठ कालवताना अजून तेच बँडचं गाणं आणि मळताना ते नावाड्याचं संथ गाणं लागतं का? त्याच्या वडिलांनी त्याला घड्याळ न देता गाण्यांवर पाव करायला शिकवलं, तेव्हापासून त्याच्या हातांना गाण्यांखेरीज कशाचा हिशेब कळत नाही. माझ्या मागच्या तीन पत्रांना त्यानं उत्तर दिलेलं नाही. मेहुणा झाला म्हणून शाळेतला बाकमित्र असल्याचं विसरला काय?

तुझा,
दादा

*

२४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तू सांगितलंस तसं केलं. प्लेअर आत, दार बंद. तपासनीस परत आले होते. कान टवकारून उभे राहिले, काही ऐकू आलं नाही, जरा हिरमुसले आणि पाव घेऊन गेले.

गिऱ्हाइकं मात्र कुरकुरतायत. शिंपीणबाई म्हणाल्या, "काय गं, कुणी गेलंय का घरात? दुकान कसं सुतकी वाटतंय."

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "शास्त्रीबुवांना कळव, आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे. कृपया लोभ असावा." कामात असतात, म्हणून स्वतः लिहीत नाहीत.

तुझी,
धाकटी

*

२ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

आभारी? कृपया? लोभ?

अगं, ज्या माणसाला मी नदीतून केसांना धरून बाहेर काढलं तेव्हा त्याचं पहिलं वाक्य "शास्त्र्या, चप्पल राहिली" असं होतं, तो आभारी? मला "बुवा" त्यानं जन्मात लावलेलं नाही. तुझ्या लग्नात मांडवात उभा राहून त्यानं मला सर्वांदेखत "शास्त्र्या, बाजूला हो, उजेड अडवतोयस" असं म्हटलं होतं.

आयुष्यभर कुठला श्लोक मूळचा आणि कुठला मागून घुसडलेला हे ओळखण्यावर माझी भाकरी चालते. तुझ्या पत्रातलं ते वाक्य घुसडलेलं आहे. ते तुझं आहे, त्याचं नाही.

मला दिसतंय ते असं. तुम्ही दोघं भांडला आहात, अबोला आहे, आणि मधलं दार लावायला मीच सांगून बसलो. चूक त्याची असेल तर मला लिही, मी त्याला सरळ करतो. तुझी असेल तर ती मान्य करू नकोस, तो आपोआप येईल. दोघांची असेल तर दार उघडा आणि कुणाची हे पाव फुगेपर्यंत ठरवा.

तुझा,
दादा

*

११ मार्च

दादा,

अबोला आहे. पण भांडण नाही.

दिवाळखोर माणूस नवीन कपडे घालून हिंडतो ना, तशी मी तुला पत्रं लिहीत होते. आता सांगते. पावसाळा संपता संपता ह्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. हात वाचले, पाय वाचले. बोलणं गेलं. तोंड हलतं, ऐकलेलं सगळं कळतं, पण शब्द येत नाही. येतो तो एकच. "बरं." पाणी हवं, बरं. पाठ दुखते, बरं. मी रडले, बरं. त्याच्या सुरावरून मी अर्थ लावते. तू जन्मभर शब्दांवर जगलास, आणि तो तुला शब्दांनीच छळायचा. तुझ्यापासूनच लपवावंसं वाटलं. तू धावत येशील, ह्यांच्यासमोर बसशील, आणि हे तुला "बरं" म्हणतील. ते मला बघवलं नसतं.

पण गाण्यांचं ऐक. इस्पितळातून आल्यावर पहिल्यांदा हे भट्टीच्या खोलीत गेले तेव्हा सवयीनं मी सीडी लावली. बँडचं गाणं लागलं आणि ह्यांचे हात पिठात गेले. मग नावाड्याचं गाणं लागलं, आणि दादा, हे गायला लागले. पहिल्या शब्दापासून.

सावकाश रे नावाड्या, पाणी जागं होईल,
पल्याडच्या काठावर कुणी... उभं राहील.

एकही शब्द न अडता. सगळी कडवी. ज्यांना सकाळी "मीठ" म्हणता आलं नव्हतं त्यांनी. माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला. गाणं संपलं, हे माझ्याकडे वळले, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि "बरं" म्हणाले.

वाचा शिकवणाऱ्या बाई येतात. त्या म्हणतात, बोलण्याची वाट बुजली आहे, गाण्याची वेगळी आहे, ती शाबूत आहे. रोज गाऊ द्या, चार लोकांत गाऊ द्या, त्या वाटेनं कधीतरी बोलणं येईल. नाही गायले तर तीही बुजेल. दुकानात येणारी माणसं ह्यांच्याबरोबर गायची. शिंपीणबाई तर मुद्दाम गाणं लागेपर्यंत खोळंबायच्या. परवान्यापायी मी गाणी बंद केली तेव्हा हे पिठात हात घालून नुसते उभे राहिले. पीठ आंबलं, तरी उभेच. आता दाराआड गातात, पण भिंतीला. आणि मला काउंटरवरून ऐकू येत नाही.

मला पळवाट नको, दादा. मला दोन्ही परवाने हवेत.

धाकटी

*

१४ मार्च

धाकटे,

तुझं पत्र वर्गात जायच्या आधी फोडलं. वर्गात गेलो. आजचा धडा वाणीचा उगम कुठून, यावर होता. फळ्यावर तेवढं लिहिलं आणि पुढं काही बोललो नाही. मुलांना वाटलं, सरांचा घसा बसलाय. एकीनं खडीसाखर आणून दिली.

दोन्ही अर्ज भरून सोबत पाठवले आहेत. खुणा केल्या आहेत तिथं सह्या कर. पळवाट मागे घेतो. ज्या तळटीपेनं त्याला भिंतीशी गायला बसवलं, ती शोधल्याचा मला केवढा अभिमान वाटत होता!

शब्द आधी की सूर आधी, यावर आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या काथ्याकूट केला. मी त्यावर टिपणं काढली, व्याख्यानं दिली, हार घेतले. आणि उत्तर तुझ्या घरी पिठानं माखलेले हात घेऊन उभं आहे. सगळं घर कोसळलं आणि आतला देव्हारा तेवढा जागेवर राहिला, असं काहीतरी मला दिसतंय. नीट लिहिता येत नाही. आज माझीही तीच गत.

त्याला फक्त एवढं सांग, शास्त्र्या विचारत होता.

दादा

*

९ एप्रिल

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. परवाने आले. पावाच्या परवान्याशेजारी दोन्ही टांगले. प्लेअर पुन्हा बाहेर, मधलं दार सताड उघडं.

"शास्त्र्या विचारत होता" म्हटल्यावर हे हसले. मग बराच वेळ भट्टीकडे तोंड करून उभे होते.

आता जे घडलं ते सांगते, आणि तू मला हसू नकोस. परवा सकाळी रांग लागली होती. नावाड्याचं गाणं नुकतंच संपलेलं. हे आतून तापलेला ट्रे घेऊन आले आणि शिंपीणबाई नेमक्या वाटेत. ह्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, "बरं" म्हणतील. आणि हे त्याच चालीवर गायले:

"सावकाश हो बाई, हात भाजून जाईल!"

ऐकलंस? हे शब्द गाण्यात नाहीत! ते ह्यांचे होते. गाठ झाल्यापासूनचं पहिलं वाक्य. शिंपीणबाईंनी पिशवी छातीशी धरली होती. मला देवळात उभं असल्यासारखं झालं.

आणि मी काय केलं माहितेय? "शू!" म्हटलं.

रांगेत तपासनीस होते, दादा. आणि तू अर्जांबरोबर अधोरेखित करून पाठवलेलं कलम माझ्या डोळ्यांपुढं आलं. "परवाना केवळ वाजवण्यापुरता आहे. रचनाकाराच्या संमतीवाचून शब्दांत फेरफार करता येणार नाही." वाटलं, परवाना काढून घेतील, पुन्हा दार बंद होईल. तोंडून निघून गेलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रे ठेवला आणि आत गेले.

तेव्हापासून सीडीवर आहे तेवढंच गातात. अक्षर इकडचं तिकडे नाही. मी हजारदा म्हटलं, चुकलं माझं, बोला. हे भिंतीवरच्या परवान्याकडे बोट दाखवतात आणि "बरं" म्हणतात. ती वाट मी माझ्या हातानं बुजवली का रे?

धाकटी

*

१५ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

हसलो नाही. मी शिकवलेला नियम माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानंही आजवर इतका मनावर घेतला नव्हता, एवढंच मनात आलं.

तुझ्या तपासनीसांना फोन केला. ते बिचारे ओशाळले. म्हणाले, "अहो, मी पाव घ्यायला गेलो होतो. त्यांनी शू केलं तेव्हा मला वाटलं, मलाच केलं." ते कलम गाणी छापणाऱ्यांसाठी आहे म्हणे, दुकानात कुणी ट्रे सांभाळा म्हणालं तर त्याला लागू होत नाही. पण हे तुझं समाधान झालं, त्याचं होणार नाही. तो हट्टी आहे. भिंतीवरच्या कागदानं त्याचं तोंड बंद केलं असेल तर कागदानंच उघडावं लागेल.

तेव्हा त्यांनाच विचारलं, त्या गाण्याचा रचनाकार कोण? मला आपली खात्री, की असली गाणी रचणारी माणसं केव्हाच वर जाऊन बसलेली असतात. ते म्हणाले, शब्द आणि चाल दोन्ही एकाच बाईंची आहेत, आणि त्या हयात आहेत! नियमावलीत "रचनाकार" हा शब्द मी पन्नासदा वाचला असेन, पण त्याला दारावरची घंटा असेल असं डोक्यात आलं नव्हतं. पत्ता देण्याचा नियम नाही, म्हणून माझं पत्र तपासनीस स्वतः त्यांच्याकडे पोचवणार आहेत. सगळं जसंच्या तसं लिहिलंय, तुझ्या "शू"सकट. माफ कर.

तुझा,
दादा

*

६ मे

बेकरीवाल्या भाऊंना नमस्कार.

हात थरथरतो, म्हणून अक्षर असं. तुमच्या मेहुण्यांचं पत्र आलं. संस्कृताचे अध्यापक दिसतात, चार पानांनंतर मुद्द्यावर आले. पण आले तेव्हा मी चष्मा काढून ठेवला.

माझ्या गाण्याबद्दल माझ्याकडे पुष्कळ अर्ज येतात. कुणाला ते नाटकात हवं असतं, कुणाला जाहिरातीत. ट्रे गरम आहे हे सांगायला माझी चाल कुणी आजवर मागितली नव्हती. एवढ्या उपयोगाची वस्तू आपल्या हातून झाली असेल, हे मला या वयात कळलं. मी अजून त्यातून सावरलेली नाही.

माझी संमती आहे. लेखी. या चालीवर तुम्ही जे वाटेल ते बोला. भाव सांगा, उधारी मागा, बायकोशी भांडा. माझे शब्द काढून टाका, त्यांचं बरंच गाऊन झालंय.

फक्त एक अट. दुसऱ्या ओळीत शेवटच्या शब्दांच्या आधी एक थांबा आहे. लोक तो घाईनं खाऊन टाकतात. तुम्ही खाऊ नका. गाणं रचताना तिथं मला पुढचं सुचत नव्हतं. पुष्कळ दिवस सुचलं नाही. सुचलं तेव्हा लक्षात आलं, की ती रिकामी जागाही गाण्यातलीच आहे. म्हणून ती तशीच ठेवली. तिथं थांबणं ही चूक नाही, भाऊ. ती चालच तशी आहे.

नावाड्याचं गाणं रचणारी

*

१४ मे

प्रिय दादा,

बाईंचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. संमतीपाशी हे नुसते ऐकत होते. थांब्याच्या अटीपाशी आले तशी ह्यांनी माझं मनगट धरलं आणि "बरं" म्हणाले. म्हणजे पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. पुन्हा "बरं". शेवटी मला ते पाठ झालं. कागद आता परवान्यांच्या मधोमध टांगलाय, ह्यांनीच खिळा ठोकला.

दोनतीन दिवस काहीच नाही. मी विचारलं नाही.

आज सकाळी रांग, नेहमीसारखी. गरम पाव मी भराभर पिशव्यांत भरत होते. तपासनीसही होते, सगळ्यांत मागे. गाणं संपून शांतता होती. हे आतून आले, हात पुसत, कपाळाला आठ्या. काउंटरला धरून उभे राहिले आणि सुरू केलं:

"ऐका हो, ऐका हो बाई,
आजच्या पावात..."

आणि थांबले.

दादा, तो थांबा केवढा होता! ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. शिंपीणबाईंनी पुढं बोलायला तोंड उघडलं, आणि मागून तपासनीसांनी हात वर करून त्यांना थोपवलं. कुणी शब्द पुरवला नाही. कुणी पायही बदलला नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची साखळी मला ऐकू आली. एरवी ह्यांचा शब्द अडला की डोळ्यांत भीती येते. आज नव्हती. माणूस पुलावर उभा राहून पाण्याकडे बघतो तसे हे उभे होते.

"...मीठ नाही," ह्यांनी पुरं केलं.

मला आधी कळलंच नाही. सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघत होते, काहींचे डोळे भरलेले. मीही गाणं म्हणूनच ऐकत होते. मग एकदम उमजलं. एवढ्या महिन्यांत हे जे काही म्हणाले ते मला आधीपासून ठाऊक असायचं. ट्रे गरम होता, तो मला दिसत होता. हे मला ठाऊक नव्हतं. ही ह्यांच्या एकट्याच्या पोटातली गोष्ट होती, आणि ती माझ्यापर्यंत आली.

मी पिशवीतला पाव काढला, तोडला आणि तोंडात टाकला.

अळणी होता, दादा. खरंच अळणी होता.

तुझी,
धाकटी